दुसरं काही नाही ना?

आमच्या सरांना जुनी वर्तमानपत्रं वाचायचा नाद होता, आणि तो कामाच्या आडून चालायचा म्हणून त्यांना कोणी काही म्हणू शकत नव्हतं. झाडपाल्याचे नमुने वाळवायला रद्दी लागते. आदिलाबादच्या बाजारातून तेलुगू, मराठी, उर्दू असे तिन्ही भाषांचे गठ्ठे आमच्याकडे यायचे. एक पान पसरायचं, त्यावर फांदी नीट मांडायची, वर दुसरं पान ठेवायचं आणि सगळी चवड फळ्यांमध्ये आवळून टाकायची. मला एका फांदीला पाच मिनिटं लागायची. सरांची फांदी हातातच सुकायची, कारण डोळे पेपरात गेलेले असायचे. मग मान वर न करता ते सांगायचे, उद्या पाऊस आहे बरं का, वाऱ्यासकट. मी नवीन होते. ऐन वैशाखात घरून, जैनथहून, छत्री घेऊन आले, आणि बसमधल्या बायका माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावत राहिल्या. तो पेपर नऊ वर्षांपूर्वीचा निघाला. सरांकडे तक्रार केली तर ते जरा विचार करून म्हणाले, "पण तवा तर पडला असन ना?"

एम.एस्सी. झाल्यावर तीन वर्षं मी त्यांच्या प्रकल्पावर मदतनीस होते. सर एका डिग्री कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. आपल्या भागात लोक पिढ्यान्‌पिढ्या जी मुळं, साली, पानं औषध म्हणून वापरतात त्यांच्यात खरोखर काही गुण आहे का, हे तपासून बघायचं, असा तो प्रकल्प. आमची खोली कॉलेजच्या मागच्या अंगाला होती. उन्हानं नमुन्यांचा रंग उडू नये म्हणून सरांनी खिडकीच्या काचांनाही पेपरच चिकटवले होते. त्यातून गाळून येणारा उजेड पिवळसर, मऊ असायचा, आणि वाळत्या पानांचा गोडसर वास सगळीकडे भरून राहायचा. त्या खोलीत दुपार जरा जास्त वेळ थांबायची. आज आठवायला बसले की ती तीन वर्षं मला एकच लांबलचक दुपार वाटतात, आणि काय आधी घडलं, काय नंतर, याचा मलाच घोळ होतो.

जेवण झालं की सर लाकडी टेबलावर आडवे होत, तोंडावर पेपर घेऊन. बरोबर वीस मिनिटं. उठल्यावर त्यांच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघे ते कुठल्यातरी झाडाबद्दल असे, आणि ते मी लिहून घ्यावं असा त्यांचा आग्रह असे. 'सालई रडते, पण सकाळीच.' असलं काहीतरी. मी लिहून ठेवायची. पुढे कधीतरी जंगलात गेलं की त्यातलं एखादं खरं निघायचं.

दिसेल ते पान जिभेच्या टोकाला लावायची त्यांना खोड होती. दोनदा त्यांचं तोंड असं सुजलं की आठवडाभर त्यांनी खडूनंच शिकवलं. चवीची त्यांची नोंदवही वेगळी होती. तिच्यात एका सालीपुढे लिहिलेलं मला पाठ आहे: 'आधी तुरट, मग गोड, मग काहीच नाही, मग लहानपणी पाटी चाटली होती तसं.' हे अहवालात घालता येणार नाही असं मी म्हटलं, तर ते दिवसभर माझ्याशी तुटक वागले.

पण सर ज्यासाठी ओळखले जात ते वेगळंच. माणूस खोटं बोलत नसे. खरं बोलणं हा त्यांचा गुण नव्हता, तो त्यांचा आजारच होता. लग्नाच्या पंगतीत वधूपित्यानं जेवण कसं झालं विचारलं, तर भात कच्चा आहे म्हणून सांगणारे हे. एकदा प्रकल्पाच्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, वरचे साहेब आले. सगळं बघून झालं, दस्तखत करायला त्यांनी पेन काढलं, आणि सर आपणहून म्हणाले की सूक्ष्मदर्शकाचं एक भिंग माझ्याच शिंकेनं फुटलं, ते यादीत चांगलं म्हणून लागलंय. साहेबांना त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागला आणि त्यांची दुपारची बस गेली.

अशा माणसापुढे सगळेच सुधारून बसायचे. सर येताना दिसले की शिपाई तोंडातली तंबाखू गिळायचा. मी सुद्धा दारात क्षणभर थांबून चेहरा कामसू करून आत जायची. त्यांच्यासमोर प्रत्येक जण आहे त्याहून थोडा बरा असायचा. सरांना वाटायचं, जग असंच आहे.

सर तामसीकडच्या एका खेड्यातले. घर बौद्ध, आईवडील दुसऱ्यांच्या वावरात राबलेले, आणि शिकून नोकरीला लागलेले हे घरातले पहिले. विशीत असताना त्यांनी आणि विहारातल्या पोरांनी गावातली दारूची मडकी फोडली होती. सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची म्हणून पहिलं मडकं त्यांनी फोडलं ते त्यांच्या चुलतीचं. तिला ते मोठीमाय म्हणत. नवरा लवकर गेलेला, पदरात दोन मुली, आणि मोहाची दारू गाळून ती घर चालवायची. ती भांडली नाही. पुढच्या पौर्णिमेला विहारात सगळ्यांदेखत तिनं पाचवं शील घेतलं, की आता माझ्या घरात दारूचा थेंब राहणार नाही. मग वावरात मजुरीला जाऊन तिनं मुली उजवल्या. सर ही गोष्ट दर वर्षी नव्या वर्गाला सांगत आणि शेवटी म्हणत की शब्द पाळणारं माणूस बघायचं असेल तर आमच्या गावी या.

याच मोठीमायकडे एक मुळी होती. कापूस वेचून वेचून बोटं सुजलेल्या, गुडघे धरलेल्या बाया आसपासच्या गावांतून तिच्याकडे यायच्या. ओसरीवर एक काळी सहाण होती, तिच्यावर ती मुळी पाण्यात उगाळायची आणि लेप लावून द्यायची. घेत काही नसे. कोणी चार वांगी, कोणी पायलीभर ज्वारी ठेवून जाई. त्या झाडाचं नाव मला ठाऊक आहे, शास्त्रीय नावही ठाऊक आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की लोक कुदळी घेऊन निघतील आणि बरड उघडं पडेल.

ती मुळी काढायला आम्ही कार्तिकात गेलो. आदल्या दिवशी ऊन उतरताना मोठीमाय गावामागच्या बरडावर गेली, झाडाच्या बुडाशी मूठभर ज्वारी ठेवली आणि शेजारणीला सांगावं तसं झाडाला म्हणाली, "उद्या येतो. तयारीत राह्य." मग मागे न बघता परत. सकाळी उठल्यापासून मुळी घरात येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. झाडावर आपली सावली पडू द्यायची नाही, म्हणून उगवतीकडे तोंड करून अलीकडेच बसायचं. एका झाडाची एकच बाजूची मुळी घ्यायची, माती पुन्हा लोटायची, आणि वर्षभर त्या झाडाकडे फिरकायचं नाही. सर कुठल्या देवापुढे हात न जोडणारे. पण त्यांनी हे सगळं तिच्यासारखंच केलं आणि वहीत वेळेसकट लिहिलं. कॉलेजातल्या एकानं त्यांना छेडलं, की सार, वनदेवी पावली का. सर शांतपणे म्हणाले, "कारन कळलं नाही म्हंजे कारनच नाही, असं थोडंच हाय?"

ती सकाळ मला नीट आठवत नाही, आणि तरी ती जात नाही. कापसाच्या वावरांवर धुकं होतं, बोंडं आणि धुकं वेगळं काढता येत नव्हतं. पुढे मोठीमाय, मागे सर, त्यांच्या मागे मी, आणि कोणाच्या पावलाचाही आवाज नाही. मला वाटलं आपण अजून जैनथला अंथरुणातच आहोत. मध्येच सरांना शिंक आली. ती बोलण्यात धरायची की नाही, हे ते नंतर अर्धा तास मोठीमायला विचारत होते.

घरी आल्यावर तिनं मागल्या वर्षीची एक वाळलेली मुळी काढली आणि उगाळून दाखवली. सर वही मांडीवर घेऊन समोर बसलेले. कशी वाळवता, किती दिवस, सावलीत की उन्हात, सगळं विचारून झालं. मग त्यांनी पेन टेकवत विचारलं, "आन् पान्यातच उगाळतेस. दुसरं काही नाही ना?"

मोठीमायनं त्यांच्याकडे पाहिलं, मग सहाणेकडे पाहिलं. म्हणाली, "नाही. दुसरं काय राह्यते?"

सरांचं लिहून आधीच झालं होतं. मी ते तिचं थांबणं बघितलं होतं. म्हातारी दमली असेल, असं मला वाटलं.

तपास एका मोठ्या शहरातल्या औषधशास्त्राच्या कॉलेजात व्हायचा होता. तिथे सरांचा जुना विद्यार्थी शिकवत होता. उंदरांच्या पंजाला सूज आणायची, काहींना औषध द्यायचं, काहींना नुसतं पाणी, आणि कोणाची सूज किती उतरते ते मोजायचं. त्या कार्तिकात काढलेली मुळी ओंजळभरच होती. विद्यार्थ्यानं फोनवर सुचवलं की अर्धी मुळी अल्कोहोलमध्ये भिजवून तिचाही अर्क करून बघू, बऱ्याच मुळांचा गुण पाण्यात उतरतच नाही. सरांनी साफ नकार दिला. आपल्याला मोठीमायचं औषध तपासायचं आहे, तुमच्या कॉलेजचं नाही. ती जशी देते तशीच तपासा. सगळी मुळी पाण्यात गेली.

तीन महिन्यांनी निकाल आला. मुळी दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांत काही फरक नव्हता.

सरांनी तो कागद दोन दिवस खिशात ठेवला. मग पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर ते उभे राहिले आणि त्यांनी तो वाचून दाखवला. या मुळीनं सूज उतरत नाही असं तपासात आलं आहे, तेव्हा गुडघे दुखत असतील तर दवाखान्यात जा. ते विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, गावातले सगळ्यांत शिकलेले. मोठीमाय बायकांच्या रांगेत भिंतीला टेकून ऐकत होती. सर परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण आपण चुकलो असं त्यांना वाटत नव्हतं. खरं ते सांगायलाच हवं, आणि आपल्या माणसाबद्दल असेल तर आधी सांगायला हवं, असं ते मला समजावत राहिले. मला त्यांचा फार राग आला होता.

त्यानंतर मोठीमायकडे कोणी जाईना. बुढीनं एवढी वर्षं पाणीच चोपडलं, असंही लोक बोलले. तिनं सहाण ओसरीवरून उचलून आत नेऊन ठेवली, हे मला त्या गावच्या बसच्या कंडक्टरकडून कळलं.

माझी आई जैनथच्या बाजारात भाजी घेऊन बसते. दिवसभर बसून तिचे गुडघे सुजलेले. कागद काय म्हणतो ते तुझ्या सरांना म्हणू दे, मला ती मुळी आणून दे, असा तिनं लकडा लावला. चैत्रात एका दुपारी मी सरांना न सांगता तामसीची बस धरली. मोठीमायचं दार लोटलेलं होतं. मी हाक मारत आत गेले, आणि दारातच मोहाचा वास आला.

ती चुलीजवळ बसली होती. पुढे काचेची बरणी, बरणीत मुळ्या, आणि त्या बुडतील एवढी दारू. माझ्याकडे बघून तिनं झाकण लावलं नाही. लावून उपयोगही नव्हता. मोहफुलं पडली की वर्षातून एकदा ती बाटलीभर गाळायची, त्यात मुळ्या सात दिवस ठेवायची आणि सगळी दारू मुळीत जिरेपर्यंत सावलीत वाळवायची. मग वास राहत नसे. पुढे ती पाण्यातच उगाळायची, त्यामुळे बघणाऱ्याला पाणीच दिसे. यंदा कोणी येणार नाही हे तिला माहीत होतं. मी विचारलं, तर म्हणाली, कोणी येवो न येवो, भिजवा तर लागतेच.

मी म्हटलं, आजी, सरांना हे सांगितलं असतं तर निकाल वेगळा लागला असता, लोक तुम्हाला खोटं म्हणतात. ती बराच वेळ बरणी हलवत राहिली.

"म्हनू दे," ती म्हणाली. "मुळी खोटी म्हनतात. मले दारूवाली तर नाही म्हनत. तीस वर्सं झाले, तो साऱ्या जगाले सांगते का मायी मोठीमाय शब्दाची पक्की. आता कोनत्या तोंडानं सांगू त्याले? तू नोको सांगू, माय."

मी नाही सांगत म्हणाले. आईसाठी एक तुकडा घेऊन परत आले. आईच्या गुडघ्यांची सूज किती उतरली ते इथे लिहीत नाही. एका बाईच्या गुडघ्यावरून काही ठरत नसतं, हे सरांनीच शिकवलंय.

आठ दिवस मी ते पोटात ठेवलं. मोठीमायला दिलेला शब्द एकीकडे आणि तिचं गेलेलं नाव एकीकडे. नवव्या दिवशी सर टेबलावर तोंडावर पेपर घेऊन आडवे झाले आणि मी त्या पेपरला सगळं सांगितलं. सरांना सांगायचं धाडस मला झालं नसतं. पेपर बराच वेळ हलला नाही. एक उर्दू जाहिरात होती त्यावर, पंख्याची. मग खालून आवाज आला, की कार्तिकातली वही काढ, मोठीमायचं पान वाच. मी वाचलं. प्रश्न जसाच्या तसा लिहिलेला होता, त्यापुढे 'नाही'.

"हे मी इचारलं नाही," सर म्हणाले. "तिनं काय म्हनाव ते मीच सांगतलं तिले." थोड्या वेळानं त्यांनी पेपर काढला आणि छताकडे बघत विचारलं, "मायासमोर सगळे असेच वागतात का?"

मला शिपाई आठवला, दारात चेहरा सावरणारी मी आठवले. मी हो म्हटलं. सर उठून बसले आणि त्यांनी चपला घातल्या, पण ते कुठे गेले नाहीत. दोन दिवस त्यांनी कुठलंही पान जिभेला लावलं नाही. मला त्यांची इतकी दया कधीच आली नव्हती.

नवी मुळी कार्तिकाशिवाय मिळणार नव्हती. मधले सहा महिने सर विहारात जात, मोठीमायच्या घरी पाणी पीत, आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नसत. कार्तिक आला. तीच ज्वारी, तेच धुकं, तीच न बोलता केलेली वाट. मग सर उटनूरच्या पलीकडे कुठूनतरी आयुष्यातली पहिली दारूची बाटली घेऊन आले. डब्याच्या पिशवीत घालून ती मांडीवर धरून बसमध्ये बसले, आणि झाकण सैल असल्यानं शेजारचा माणूस त्यांच्याकडे बघून उठून मागे गेला, असं त्यांनीच मला सांगितलं.

ती बाटली त्यांनी मोठीमायच्या चुलीपुढे ठेवली. मुळी यात भिजवून पाहू, एवढंच म्हणाले. मोठीमायनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग तिनं बूच काढून वास घेतला, दोन थेंब तळहातावर टाकून चोळले, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बापू, तुले फसवलं," ती म्हणाली. "अर्धं पानीच हाय याच्यात."

ती उठली, आतल्या कणगीमागे हात घातला आणि स्वतःची बाटली आणून त्यांच्यापुढे ठेवली. तिनं बरणी पुसली, मुळ्या घातल्या, वरून ओतली. सर सात दिवसांनी पुन्हा येतो म्हणाले आणि निघताना पहिल्यांदाच तिच्या पाया पडले.

या वेळी तीन प्रकार करून पाठवले. नुसतं पाणी, नुसती मोहाची, आणि तिच्यात भिजवून वाळवलेली मुळी. निकाल माघात आला. नुसत्या मोहाच्या दारूनं काही झालं नव्हतं. भिजवलेल्या मुळीनं सूज उतरली होती. सगळी नाही, पण मोजता येईल इतकी. याला औषध म्हणायला अजून पुष्कळ बाकी आहे, पण मुळीत काही नाही असं म्हणता येणार नाही, असं विद्यार्थ्यानं लिहिलं होतं. सरांनी तो कागद मला चार वेळा वाचायला लावला.

आता तो विहारात वाचणं आलं. मोठीमायचं नाव जिथे गेलं तिथेच ते परत मिळायला हवं होतं. पण कसं काढलं, कशात भिजवलं, हे सांगितल्याशिवाय लोकांना पटणार नाही, आणि सांगितलं की तिचं शील मोडल्याचं उघड होणार. मी म्हटलं, नुसतं पद्धत चुकली होती असं सांगा. सर म्हणाले, अर्धं सांगून एकदा तिचं नुकसान करून बसलोय.

माघी पौर्णिमेला मी त्यांच्याबरोबर गेले. वंदना सरांनीच घेतली. खोटं न बोलण्याचं चौथं, दारू न पिण्याचं पाचवं, सगळी शीलं त्यांच्यामागून सगळ्यांनी म्हटली. मग त्यांनी कागद वाचला. पहिल्या वेळी मुळी कोरडीच पाठवली ही माझी चूक, ती मोहाच्या दारूत भिजवावी लागते, मोठीमायनं कोणाला फसवलेलं नाही. हे औषध झालेलं नाही, दवाखाना सोडू नका, हेही सांगितलं. तेवढ्यात पुरुषांच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, की तिच्या घरी मोहाची आली कुठून.

सरांचे कान लाल झाले. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं.

"मी देली," ते म्हणाले. "पयलेपासून मीच आनून देतो. मोठीमाय नाही म्हनत होती."

शिंकेनं फुटलेलं भिंग कबूल करणारा माणूस मी बघितला होता. हा मला नवीन होता. बायकांच्या रांगेत मोठीमाय मान खाली घालून बसली होती. सरांनी विहाराची किल्ली कमरेची काढून समोर ठेवली, आणि ती परत घ्या असं त्यांना कोणी म्हटलं नाही. वीस वर्षं ती किल्ली त्यांच्याकडे होती. ज्या पोरांना त्यांनी शिकवलं ती पोरं त्यांच्याकडे न बघता चपला घालून बाहेर पडली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आम्ही बसकडे निघालो तेव्हा मोठीमाय तिच्या दारात उभी होती. तिनं सहाण पुन्हा ओसरीवर आणून ठेवली होती. सर थांबले.

"तुले खोटं बोलता येत नाही, बापू," ती म्हणाली. "मी तीस वर्सं बोलली, कोनाले कळलं नाही. तू एक डाव बोलला, साऱ्याईले कळलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या वही घेऊन ये. सगळं सांगतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही निघालो. गावच्या फाट्यावर उतरल्यावर सर लिंबाखालच्या पारावर बसले आणि मला एकटीला जा म्हणाले. मी समोर असलो की ती चांगलं तेवढंच सांगेल, असं त्यांचं म्हणणं. मी गेले. मोठीमायनं भाकर थापता थापता सांगायला सुरुवात केली ती ऊन कलेपर्यंत सांगत राहिली. कुठल्या मोहाची फुलं, दारूची पहिली धार का टाकून द्यायची, मुळी कितव्या वर्षाची हवी. ज्या दोन बायांना काहीच गुण आला नाही त्यांचीही नावं तिनं सांगितली आणि तेही लिही म्हणाली. मी एकही प्रश्न विचारला नाही. अकरा पानं झाली.

परत आले तर सर तिथेच होते. ऊन फिरून त्यांच्या अंगावर आलं होतं, पण ते हलले नव्हते. बस आली. बसमध्ये त्यांनी वही उघडली आणि सावकाश एकेक पान वाचलं. नवव्या पानावर मी तिचं बोलणं तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं होतं: 'बापूनं त्या दिवशी इचारलं तवा मी सांगनारच होती. तो थांबला नाही.'

सरांनी ते वाचलं, बोट तसंच पानात ठेवून वही मिटली, आणि आदिलाबाद येईपर्यंत ते बोट काढलं नाही.